उतारावर लावलेली मोटार

आमचे डॉक्टर मोटार कधी सपाटीला उभी करत नसत. कुठल्याही गावात शिरताना त्यांची नजर आधी उतार शोधायची, मग रोग्याचं घर. चौक गावाला देवळामागच्या टेकाडावर, कर्जतला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, अशा त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. खालापुरात तर घराच्या अंगणालाच उतार होता. डॉक्टरांनी तो बघूनच जागा घेतली, असं लोक म्हणायचे. तसं काही नव्हतं. जागा त्यांच्या वडिलांनी, आबांनी घेतलेली, आणि आबांनी मोटारीची सोय बघून काही केलं असेल हे मरेपर्यंत मला पटणार नाही.

मी त्यांचा कंपाउंडर. मिक्स्चरच्या बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि सकाळी मोटारीला धक्का द्यायचा, ही माझी दोन मुख्य कामं. त्यातलं दुसरं काम मला कोणी सांगून दिलं नव्हतं. ते आपोआप अंगावर आलं आणि मग माझंच झालं.

डॉक्टर उंच होते, पण उंची कोणाच्या लक्षात यायची नाही, कारण ते सदा वाकलेले. अंगात उन्हाळा-पावसाळा तोच भुरकट कोट. डोळे अर्धे मिटलेले. आजूबाजूच्या सगळ्या गावांना हाच एक डॉक्टर, आणि पाऊस सरला की घरोघर थंडीताप. सगळ्या गोष्टींवर त्यांचा एकच शब्द होता, "बरं." रोगी दगावला तरी बरं, उठून बसला तरी बरं. आबा सकाळी पूजा आटोपून त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचे, तेही ते खाली मान घालून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरं, आबा."

झोप मात्र त्यांच्या हातात नव्हती. न्हावी दाढी करायला बसला की साबण वाळायच्या आत हे घोरायला लागत. तो न्हावी मला म्हणायचा, "तुमच्या डॉक्टरांची दाढी म्हंजी माझ्या जिवाला घोर हाय. कवा मान टाकतील नेम नाय." त्यांचं घोरणं साऱ्या खालापुराला ठाऊक होतं. डोळा लागला की दुसऱ्या श्वासाला सुरू. मधली पायरीच नाही. माथेरानहून बोलावणं आलं की स्वारी खूष असायची. तिथं वर मोटार न्यायचीच नाही, नेरळहून छोट्या गाडीत बसायचं, आणि गाडी वळणं घेत चढेपर्यंत कोणी उठवायला यायचं नाही. एकदा वर पोचल्यावर मी हलवून जागं केलं, तर म्हणाले, "एवढ्यात आलं? हा डोंगर अजून थोडा उंच असायला हवा होता."

त्या मोटारीत रेडिओ आला तो लढाई संपल्यावर. कर्जतच्या बाजूला बंगला बांधून राहिलेल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांना डॉक्टरांनी मोठ्या दुखण्यातून उठवलं होतं. त्यांनी आपली जुनी मोटार मोडीत काढली आणि तिच्यातला रेडिओ डॉक्टरांना देऊन टाकला. डॉक्टर नको म्हणाले असते, पण नको म्हणायला नीट जागं असावं लागतं. पनवेलच्या फिटरनं तो आमच्या मोटारीत बसवून दिला. रेडिओच्या बटणात जो बंद करायचा खटका असतो, तो आधीच कामातून गेला होता. म्हणून फिटरनं स्टिअरिंगच्या खाली, पार गुडघ्याजवळ, वेगळा पितळी खटका लावला. रेडिओ बंद करायचा तर तो खटका खाली करायचा. बटण पिळलं तर नुसता आवाज जायचा, रेडिओ आत चालूच राहायचा आणि त्याच्या तोंडावरच्या काचेतला छोटा पिवळा दिवाही जळत राहायचा.

गावात तेव्हा वीज नव्हती. वीज खोपोलीला तयार व्हायची आणि आमच्या डोक्यावरच्या तारांमधून मुंबईला जायची. आम्ही खालून बघायचो. तेव्हा मोटारीतून गाणं ऐकू येतं ही काय अपूर्वाई होती, ते आता सांगून कळायचं नाही. पहिल्या दिवशी अख्खा बाजार अंगणात उभा राहिला. आबांनी ओटीवरूनच निकाल दिला, "बायांचं गाणं माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाले. रेडिओ उंबऱ्याबाहेरच होता.

त्यानंतर वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, संध्याकाळी मोटारीत बसायला लागल्या. तुळशीपाशी दिवा लावून झाला की त्या मागच्या सीटवर जाऊन बसायच्या, पुढे वाकून खटका वर करून रेडिओ लावायच्या आणि मुंबई स्टेशनवरचं गाणं ऐकायच्या. वहिनी माहेरी रीतसर गाणं शिकलेल्या. सासरी तो विषय बंद झालेला. आता मोटारीच्या बंद काचांमागे त्या हळूच गाण्याबरोबर म्हणायच्या. डॉक्टर त्या वेळी दवाखान्यात रोगी बघत असायचे. अंगणाकडची खिडकी ते कडाक्याच्या थंडीतही उघडी ठेवायचे आणि आम्ही कुडकुडायचो. तिसऱ्या प्रहरी कितीही लांब गेलेले असोत, दिवेलागणीच्या आत मोटार अंगणात आणायचा त्यांचा आटापिटा असायचा. मला वाटे, अंधारात त्यांना नीट दिसत नसावं.

आणि मग बॅटरी बसायला लागली. रोज नाही. चार दिवस धड जायचे, पाचव्या सकाळी सेल्फ मारला की नुसता कण्हल्यासारखा आवाज. मग उतारावरून ढकलायची. कधी तेवढ्यानं धरायची, कधी आम्ही दोघं-तिघं घामाघूम व्हायचो. फिटर आला. म्हणाला, डायनॅमो. डायनॅमो खोलून पुन्हा बसवला. मग म्हणाला, कुठंतरी वायर उघडी पडून करंट झिरपतोय. बॉनेट उघडून त्यानं एकेक वायर सोडली, मधे बल्ब लावून बघितलं, दिवसभर मोटारीखाली पालथा पडून राहिला. बल्ब काही पेटेना. "सगळं ठीक हाय," तो उठत म्हणाला, "आन् तरी ठीक नाय." उंदरांवर आळ गेला. दवावर गेला. बॅटरी बैलगाडीत घालून खोपोलीला चार्ज करायला पाठवायची आणि परत आली की जपून बसवायची, हा एक नवा व्याप होऊन बसला.

डॉक्टरांना या सगळ्याचं काही वाटत नसे. "दमली असेल," म्हणायचे. "माणूस दमतो, मग बॅटरीनं का दमू नये?"

त्यांची आणखी एक सवय होती. रोज सकाळी आम्ही कोणी अंगणात यायच्या आधी ते एकटे मोटारीत जायचे, चाकामागे बसायचे आणि खाली पार गुडघ्यापर्यंत वाकायचे. मग सरळ होऊन मला हाक मारायचे. डॉक्टर मोटारीला नमस्कार करतात, असं गावात सगळे म्हणायचे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या मोटारीला नमस्कार करण्यासारखंच होतं.

लोधिवलीचा हरी आला तो असाच एका सकाळी, तांबडं फुटताना. शेतकरी माणूस, पंचवीस-तिशीतला. मुंबईकडून येणाऱ्या एका लॉरीत बसून फाट्यावर उतरला होता आणि तिथून पळत आला होता. बायको अडलेली. सुईणीनं हात टेकलेले.

"डॉक्टर, तुमी चला," तो म्हणाला. "ती लय दमलीया. आता वरडतबी नाय."

डॉक्टरांनी बॅग घेतली. मोटारीत बसले, वाकले, सरळ झाले. सेल्फ मारला. कण्हणंसुद्धा नाही. आम्ही उतारावरून ढकलली, ती खाली गेली, एकदा खोकली आणि गप्प झाली. खाली सपाटी होती. हरीनं एकट्यानं खांदा लावून ती हलवायचा प्रयत्न केला. त्यानं येताना बैलगाडी आणली नव्हती, कारण डॉक्टरांकडे मोटार आहे. मग गाडीवानाला उठवा, बैल जुंपा, फाट्यापर्यंत जा, तिथं लॉरी थांबवा. लॉरीवाले थांबेनात. एक थांबला. आम्ही लोधिवलीला पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती.

बाई वाचली. मूल गेलेलं होतं. मुलगा होता. डॉक्टर पडवीत हात धुऊन उभे राहिले आणि बराच वेळ हात पुसत राहिले. हरी त्यांच्या पायाशी वाकला.

"तुमी आलात म्हनून ही तरी वाचली," तो म्हणाला. "येळ झाला त्यात तुमचा काय दोस? मोटारीचा दोस हाय."

डॉक्टर त्याला बरं म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं होतो, पण "बरं" गिळलेलं तेव्हाच पाहिलं.

परतीच्या लॉरीची वाट बघत आम्ही रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. मला वाटलं आता घोरतील. पण ते जागे होते.

"सदाशिव," ते म्हणाले, "मोटारीचा दोष नाही. बॅटरीचाही नाही. रेडिओ रात्रभर चालू राहतो."

"पण आवाज तर नसतो."

"आवाज बंद असतो. रेडिओ चालू असतो. आबा काठी टेकत गोठ्याकडे निघाले की ती बटण पिळून आवाज घालवते आणि उतरते. खालचा खटका तसाच. दिवेलागणीची वेळ, समोर काचेत दिवा जळतोय. तो मालवायचा कसा? आपल्या घरातल्या बायका त्या वेळी दिवा मालवतील का? आणि खटका खाली केला नाही तर बॅटरी बसते, हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं नाही. सकाळी जाऊन बंद करत आलो."

"म्हणजे तो नमस्कार..."

"कसला नमस्कार?"

"तुम्ही रोज वाकता तो. लोक म्हणतात, डॉक्टर मोटारीला नमस्कार करतात."

ते हसले नाहीत. फिटरला का काही सापडलं नाही, ते मला आता कळलं. तो यायच्या आधी त्यांनी खटका खाली केलेला असायचा. त्यांनीच त्या बिचाऱ्याला दिवसभर मोटारीखाली लोळवला होता.

"वहिनींना एकदा सांगून टाकायचं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा.

"मग ती परत बसली असती? तिला मी ओळखतो. माझ्यामुळे मोटार अडते म्हणाली असती आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हा एकदा न्हाणीघरात गुणगुणली. आबा बाहेर नुसते खाकरले. त्या दिवसापासून घरात तिचा सूर नाही. तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. आता कुठे संध्याकाळी खिडकीतून थोडा ऐकू येतो."

"मग रात्री तुम्हीच बंद करायचा."

"करतो की. जेवलो की जाऊन खटका खाली करायचा, असं रोज ठरवतो. बहुतेक रात्री जातोही. काल तापाची केवढी रीघ होती, तू बघितलीस. ताटावरून उठलो आणि भिंतीला टेकलो. विसरलो नव्हतो, सदाशिव. माझ्याच्यानं उठवलंच नाही."

मला त्यांचा राग आला होता. एका बाईचं मूल गेलं, आणि कशामुळे, तर हा माणूस भिंतीला टेकला म्हणून. आणि त्याच वेळी मला त्यांची कीवही आली. या माणसाला आपण सगळ्यांनी मिळून पिळून काढलाय, आता त्यात उरलंय काय, असं वाटलं. लॉरी आली. आम्ही मागे गवताच्या पेंढ्यांवर बसलो. तिथंही ते झोपले नाहीत.

बॅटरी खोपोलीहून चार्ज होऊन आली त्या दिवसापासून डॉक्टरांनी नवीन रीत सुरू केली. दिवेलागणीला दवाखाना थांबवायचा, रोग्यांना ओटीवर बसवायचं आणि स्वतः जाऊन मोटारीच्या पुढच्या सीटवर बसायचं. मागे वहिनी, पुढे डॉक्टर. गाणं संपलं की डॉक्टर खटका खाली करायचे आणि दवाखान्यात यायचे. आमच्या गावाला ते फार झालं. नवरा-बायको भर अंगणात मोटारीत बसून गाणी ऐकतात, आणि मोटार कुठं जात नाही. आबांनी तर बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

"रोगी खोळंबलेत आणि हे तमाशा ऐकतायत. लोक काय म्हणतील?"

"बरं, आबा," डॉक्टर म्हणाले आणि जाऊन मोटारीत बसले. तोच शब्द, तीच खाली मान. पण आबा त्यानंतर काही बोलले नाहीत.

बसल्याबसल्या डॉक्टर घोरायचे ते वेगळं. गाणं एकीकडे, हे एकीकडे. मग वहिनी हलकेच हाक मारून उठवायच्या आणि ते दचकून आधी खटका खाली करायचे. बॅटरी एकदाही बसली नाही. सगळं सुरळीत झालं असं मला वाटायला लागलं होतं.

मग हरी बायकोला घेऊन औषधाला आला. पारू तिचं नाव. अजून पांढरीफटक होती. वहिनींनी तिला मागच्या दारी बसवून गूळ-पाणी दिलं, विचारपूस केली. मी आत पुड्या बांधत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. पारूच्या मनात काही नव्हतं. ती आपली सांगत होती.

"मोटार चालू झाली नाय त्या दिशी, वैनी. त्येंचं म्हननं, डॉक्टर येळेवर आलं आसतं तं प्वार जगलं आसतं. आता काय करायचं, बॅटरी का काय ती उतरल्याली."

ती गेल्यावर वहिनी पुड्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, एक विचारू? मोटारीतला तो दिवा रात्रभर जळत राहिला, तर बॅटरी उतरते का हो?"

मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही. पण त्या समोर होत्या. "मला काय कळतंय त्यातलं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या मोटारीकडे गेल्या नाहीत. तुळशीपाशी दिवा लावून आत निघून गेल्या. डॉक्टर पुढच्या सीटवर बसून राहिले. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला. मी जाऊन खटका खाली केला.

"आली नव्हती?" ते जागे होऊन म्हणाले.

"नाही."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर रोज जाऊन बसायचे. रेडिओ लावायचे, मागची रिकामी सीट आणि हे. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सदाशिव, तिला काही कळलंय का?" मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे पूर्ण उघडे होते आणि त्यात इतकी भीती होती की मला दुसरीकडे बघावं लागलं. लोधिवलीचं ओझं त्यांनी एकट्यानं उचललं होतं, ते तिच्यावर पडू नये एवढीच त्यांची धडपड होती, आणि तिचं न येणं म्हणजे ते पडलं.

वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "हे रोज का बसतात तिथं?"

"वाट बघतात," मी म्हणालो. "तुम्ही आला नाहीत तर त्यांना कळेल."

काय कळेल, ते मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर मी खालापुरात फार दिवस राहिलो नाही. कर्जतला स्वतःचं औषधाचं दुकान टाकलं. डॉक्टरांची गाठ कधीमधी पडायची. मग त्यांची तब्येत ढासळली आणि एक दिवस ते गेल्याचंच कानावर आलं. दमून गेले, दुसरं काय म्हणायचं. पण डॉक्टर म्हटलं की मला ते आजारपण आठवत नाही, लोधिवलीची सकाळही आठवत नाही. आठवते ती वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, त्या दिवसाची संध्याकाळ.

वहिनी आल्या. तुळशीपासून सरळ मोटारीकडे आल्या, मागचं दार उघडून बसल्या. डॉक्टरांनी मागे वळून बघितलं नाही. रेडिओवर कुणी बाई गात होती. वहिनी गाण्याबरोबर म्हणाल्या नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या. मी दवाखान्याच्या खिडकीत उभा होतो. गाणं संपत आलं आणि आबांची काठी वाजली. आबा अंगणातून गोठ्याकडे निघाले. वहिनींचा हात पुढे आला आणि त्यांनी बटण पिळून आवाज घालवला, रोजच्यासारखा. पण त्या उतरल्या नाहीत. आबा मोटारीजवळून पुढे गेले, तरी त्या बसून राहिल्या.

डॉक्टरांची मान छातीवर आली होती, डोळे मिटलेले होते. वहिनींनी त्यांना हाक मारली नाही. त्या मागच्या सीटवरून उठल्या, डॉक्टरांच्या खांद्यावरून पुढे झुकल्या, पदर सावरला, आणि त्यांना धक्का लागू न देता स्टिअरिंगखाली चाचपडत हात नेला. डॉक्टरांच्या गुडघ्याआडचा खटका सापडायला त्यांना वेळ लागला. मग काचेतला पिवळा दिवा गेला. वहिनींनी त्या अंधारलेल्या काचेला हात जोडले आणि तशाच थोडा वेळ राहिल्या.

डॉक्टर हलले नाहीत. त्यांचं घोरणं साऱ्या खालापुराला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ते घोरत नव्हते.